शेतांच्या नावांची फाइल

दुपारी एक वाजला की मला पेंग येते. खोटं कशाला बोलू, नोकरीला लागल्यापासून येते. जालन्याच्या ऑफिसात माझं टेबल खिडकीपाशी आहे. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा लावतात, बाराच्या सुमारास त्यावर पाणी मारतात, आणि मग त्या गार ओल्या वासात माझ्यासमोरच्या स्क्रीनवरचे हिरवे ठिपके एकेक करून पिवळे व्हायला लागतात. एक ठिपका म्हणजे एक कॉम्प्युटर. पिवळा झाला म्हणजे त्यानं काम टाकलं आणि तो अपडेट घ्यायला लागला. जाफराबादचे दोन, बदनापूरचे तीन, असे सगळ्या तालुक्यांचे मिळून चाळीसेक ठिपके माझ्या ताब्यात आहेत. त्यांची झोपायची वेळ मी ठरवलेली आहे, एक ते दोन.

आमची संस्था शेतकऱ्यांची माती तपासून देते. कुठल्या रानात काय कमी आहे, काय पेरावं, किती खत टाकावं, असला कागद छापून देते. तालुक्या-तालुक्याला लहान लहान ऑफिसं आहेत आणि तिथले कॉम्प्युटर जालन्यात बसून, खुर्चीवरून न उठता, धडधाकट ठेवणं हे माझं काम. नात्यातल्या बायका विचारतात, तू नेमकं करतेस तरी काय? मी म्हणते, चाळीस लेकरांना औषध पाजते. त्यांना ते पटतं.

आता हे औषध खरं रात्री पाजायचं असतं, जगभर तसंच चालतं म्हणे. आमच्याकडं नाही चालत, कारण आमच्याकडं सहा वाजले की शिपाई मेन स्विच पाडतो. दिवे, पंखे, कूलर, कॉम्प्युटर, सगळं एका फटक्यात. कधीतरी कुठल्यातरी ऑफिसात शॉर्टसर्किट होऊन कागद जळाले होते, तेव्हापासूनची ही रीत. कुठलं ऑफिस, कोणते कागद, कोणाला ठाऊक नाही, पण रीत म्हणजे रीत. मी परिपत्रकं काढली, फोन केले, एकदा एका शिपायाशी कडकडून भांडले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आग लागली तर तुम्ही तिथून इझवता का?" मग मी हात टेकले आणि जेवणाची सुट्टी निवडली.

तर या माझ्या हट्टाच्या नोकरीत मी एकदा एका माणसाची अकरा वर्षांची मेहनत पुसून टाकली. ते मला सांगायचं आहे.

त्या एक तासात मी काही करत नसे. डबा खाऊन झालेला, हात धुतलेले, आणि अर्धे मिटलेले डोळे त्या ठिपक्यांवर. ती ऑफिसं मी पाहिलेली नव्हती, पण त्या गुंगीत मला ती दिसायची. जाफराबादचा एक ठिपका रोज उशिरा हिरवा होई, म्हणजे तिथली बाई जीप भरेपर्यंत खोळंबत असणार. बदनापूरचा एक संध्याकाळी घाईनं काळा, म्हणजे बंद, होई, त्याला गाडी गाठायची असणार. एक वाजता सगळीकडं टेबलावर भाकरी सुटलेली, ठेच्याचा वास, कूलरची घरघर, आणि कोपऱ्यात स्क्रीनवर गोल गोल फिरणारे पांढरे ठिपके. अख्खा जिल्हा माझ्यासोबत डोळे मिटतोय असं वाटायचं. फार सुख होतं त्यात. आता कोणी म्हणेल, पगार याचाच घेत होतीस का? हो, याचाच.

एकटा घनसावंगीचा ठिपका कधी पिवळा झाला नाही. तो पाऊण वाजता काळा व्हायचा आणि दोनला हिरवा. महिनोन्महिने. मी फोन लावला. तिथं मातीचे नमुने घेणारे एक कारकून होते, आवाज जाड आणि सावकाश. मी त्यांना काका म्हणायचे.

"काका, तुमचा कॉम्प्युटर दुपारी बंद का होतो?"

"लाइट जाती मॅडम."

"रोज? पाऊण वाजता?"

"लई बराबर जाती."

मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी एकला तिथल्या शिपायाच्या मोबाइलवर लावला. "मामा, लाइट आहे का?" मामा म्हणाले, "हाये की. कूलर चालू हाये. काका जेवून राह्यले." माझं डोकंच फिरलं. काकांना फोनवर बोलावून घेतलं आणि काय तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वायर काढून ठिवतो मी. मागच्या बारीला तुमचं ते अपडेट आल्तं, तर माझी अक्षरं गेल्ती. चार दिवस हिंडलो तवा एकानं परत बशिवली."

अक्षरं म्हणजे जुना फॉन्ट. आमच्या भागातल्या टायपिंगच्या क्लासात एके काळी तोच शिकवायचे. तो ज्या कॉम्प्युटरवर नसेल तिथं मराठीच्या जागी कंस, टिंबं, उलटेसुलटे इंग्रजी अक्षरांचे ढीग दिसतात. मी म्हटलं, "काका, सगळं जग नव्या पद्धतीनं टाइप करतंय. सोडा आता तो फॉन्ट." ते म्हणाले, "या मे एंडला सुटतोच की मी मॅडम. तवर ऱ्हाऊ द्या."

त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या लोकांसारखी त्यांची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी एक जून लावून टाकली होती, म्हणून सगळे मे संपताना निवृत्त होतात. पण मला तेवढा धीर नव्हता. वरून हुकूम आला होता की मे संपायच्या आत सगळ्या मशीन नव्या सिस्टिमवर गेल्या पाहिजेत, राहील ती नेटवर्कवरून तोडली जाईल. एकोणचाळीस गेल्या होत्या. चाळिसाव्याचं साहेब रोज विचारत.

काकांचं मशीन इतकं मागं राहिलं होतं की नुसतं अपडेट करून भागणार नव्हतं. सगळं साफ करून नव्यानं बसवावं लागणार होतं. मी रीतसर नोटीस पाठवली, 'कार्यालयीन कामाच्या फाइली सामाईक फोल्डरमध्ये ठेवाव्यात, इतर काहीही राहणार नाही.' काकांनी 'वाचले' असं कळवलं. मी निश्चिंत झाले. आणि काकांना न सांगता त्यांच्या मशीनची वेळ एकवरून सकाळी अकरावर आणली. अकराला त्यांच्याकडं शेतकऱ्यांची रांग असते, तेव्हा ते वायर कशी काढतील? मला माझ्या हुशारीचं हसू आलं. हो, हसूच आलं. कशी जिरवली, असं मनात म्हणाले.

मंगळवारी अकराला ठिपका पिवळा झाला. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत पिवळा होता आणि कप तोंडाला लावला तोवर काळा. समोर रांग असताना काका वायर काढणार नाहीत, म्हणजे वीजच गेलेली. मी समजले, मेन स्विच पाडला. असा संताप आला म्हणता! अर्धवट बसलेली सिस्टिम म्हणजे ना धड जुनं ना धड नवं. मी फोन उचलायला गेले तर तोच वाजला.

काका होते.

"मॅडम," ते म्हणाले, "शेतं गेली."

"कोणती शेतं?"

"सगळी."

मग त्यांनी सांगितलं. माणूस माती घेऊन येतो तेव्हा फॉर्मवर गट नंबर लिहावा लागतो. तो कोणाच्या ध्यानात नसतो. विचारलं तर म्हणतो, बोरीचं हाय, नाही तर उपळीचं हाय. रान ज्या नावानं घरात बोलवतात ते नाव. काकांनी सुरुवातीला ते नाव एका कागदावर लिहून ठेवायला घेतलं, म्हणजे रिपोर्ट आला की हाक मारायला बरं. मग सवय लागली. मग ते कॉम्प्युटरवर घेतलं. गाव, गट नंबर, शेताचं नाव, आणि शेवटी एक रकाना, 'का म्हणतात'. अकरा वर्षं. तालुक्यातलं जवळजवळ प्रत्येक गाव.

"काका, नोटीस वाचली होती ना? सामाईक फोल्डरात का नाही ठेवलं?"

"त्यात हापिसाचं काम ठिवा म्हनलं होतं," काका म्हणाले. "हे काय हापिसाचं काम न्हाई."

"पेन ड्राइव्हवर तरी घ्यायचं."

"ते तुम्ही बंद केलेत."

हे खरं होतं. सुरक्षेसाठी मीच बंद केले होते. आयुष्यात इतका सरळ माणूस मला भेटला नव्हता, आणि भेटला तो असा.

"सांगणारे निम्मे म्हातारे वर गेले मॅडम," ते म्हणाले. "आता कोणाला इचारू? आन् माझे ऱ्हायले वीस दिवस."

मी म्हटलं, "काका, मेन स्विच वर करू नका. कोणीच करू नका. मी येते."

दुसऱ्या दिवशी अंबडपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं गेले. हार्ड डिस्क पार्सलनं मागवता आली असती, पण तोंड लपवून बसवेना. जीपमध्ये मला मागं खिडकीशी जागा मिळाली. रानं मोकळी, नांगरून टाकलेली, ढेकळं उन्हात पांढरी पडलेली, मधेच उसाचा हिरवा तुकडा. रोज ज्याला मी एक ठिपका म्हणायचे तो भाग खिडकीतून सरकत होता आणि सरतच नव्हता. शेजारच्या बाईला मी विचारलं, "हे शेत कोणाचं?" ती म्हणाली, "हे होय, हे भांडणाचं." आणि पुन्हा पेंगायला लागली. मी वळून वळून त्या शेताकडं बघत राहिले. साधं रान होतं, बांधावर एक बाभूळ होती.

ऑफिस दोन खोल्यांचं. दारात मातीच्या पिशव्यांची रास, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. आत अंधार आणि उकाडा, कारण कालपासून मेन स्विच खालीच होता. माझा शब्द पाळून सगळे घामाघूम होऊन बसले होते. काका उठून उभे राहिले. उंच, वाकलेले, बोटांच्या नखांत माती. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "पानी घ्या आधी. ऊन लई हाय."

मामा एका बाजूला अपराध्यासारखे उभे होते. "मीच पाडला मेन," ते म्हणाले. "स्क्रीन निळी झाली तसे काका वरडले. मला काय कळतंय? म्या पळत जाऊन खटका पाडला. काही चुकलं का?"

मी हार्ड डिस्क काढता काढता थांबले. तोवर मला सुचलंच नव्हतं. नवी सिस्टिम जुन्या फाइलींवर लिहीत जाते, जेवढी लिहील तेवढं जुनं कायमचं जातं. मामांनी ती अर्ध्यातच मारली होती. ज्या स्विचला मी पाच वर्षं शिव्या दिल्या त्यानंच उरलेलं वाचवलं होतं.

"नाही मामा," मी म्हटलं. "तुम्हीच बरोबर केलंत."

डिस्क पिशवीत घातली, फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली आणि त्याच जीपनं परत आले. ते दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. रिकव्हरीचा प्रोग्राम डिस्कच्या तळाशी हात घालून चाचपडत होता, स्क्रीनवर एक पट्टी मुंगीच्या चालीनं पुढं सरकत होती. एक ते दोन ठिपके पिवळे झाले, हिरवे झाले, मी पाहिलेही नाहीत. मला डुलकी लागली आणि डुलकीत मी त्या नांगरलेल्या रानातून चालत होते. चालेन तिथं कोणीतरी रानाचं नाव सांगत होतं आणि मला ते लिहून घ्यायला कागद मिळत नव्हता.

शुक्रवारी फाइल सापडली. उघडली तर कंस, टिंबं, ढीग. अक्षरं नव्हती. तो जुना फॉन्ट मी सगळीकडं शोधला, चाळीसही मशीनवर. कुठं असणार? मीच तर चाळीसही मशीन साफ केल्या होत्या!

तो माझ्या घरी होता. माझ्या घरी एक जुना कॉम्प्युटर आहे, जाडजूड पडद्याचा. कॉलेजात असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेऊन दिलेला. टायपिंगची परीक्षा मी त्यावर दिली, नोकरीचा अर्ज त्यावर लिहिला. जिल्हाभर लोकांच्या मागं अपडेटचा ससेमिरा लावणारी मी, या एका मशीनवर वर्षानुवर्षं 'नंतर आठवण करा' दाबत आलेय. आबा जाऊन चार वर्षं झाली. ते जसं त्यांनी टेबलावर ठेवलं तसंच आहे. कोणाला सांगू नका, त्यावर धूळ पुसायलाही मी मऊ फडकं ठेवलंय.

संध्याकाळी घरी येऊन फाइल त्यात घातली. मशीन घुरघुरलं, थांबलं, आणि मग एकदम ढिगाऱ्यातून अक्षरं झाली. 'वडाचं.' 'चोपणाचं.' 'पैजेचं, का म्हणतात: आज्यानं कुस्तीच्या पैजेत जिंकलं.' 'मुक्याचं, का म्हणतात: राखणदार मुका होता, चाळीस वर्षं राखलं.' 'सासूचं.' 'लाव्ह्यांचं.' 'उपाशी, का म्हणतात: किती घाला, पिकत नाही.' मी मोठ्यानं वाचत सुटले. एकटीच हसले. काकांनी 'का म्हणतात' कधी रिकामा सोडला नव्हता. कोणाला माहीत नसेल तर लिहिलं होतं, 'सांगणाऱ्याला ठाऊक नाही, पण म्हणतात.'

आणि मग एका पानावर ते तुटलं. सात गावं अर्धवट किंवा पूर्णच गेली होती. त्यांच्या जागी नव्या सिस्टिमचा कचरा. पहिलंच गाव माझं होतं.

माझं माहेर घनसावंगीच्याच पलीकडं, गोदावरीच्या अंगाला. आबा एकदा माती घेऊन त्या ऑफिसात गेले होते, मला पक्कं आठवत होतं, कारण रिपोर्ट त्यांनी मला वाचायला दिला होता. म्हणजे त्यांनी काकांना नाव सांगितलं असणार. ते नाव त्या फाइलीत होतं, मंगळवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत.

मी काकांना फोन केला. बाकीची गावं मिळाली म्हटल्यावर काकांचा जीव भांड्यात पडला. ते पोरासारखे हसले. मग मी हळूच विचारलं, "काका, अमुक गावचे एक जण, धोतर, काळी टोपी, आठवतात का?"

"चेहरे न्हाई ऱ्हात ध्यानात मॅडम. माती ऱ्हाती. तुमच्या गावची काळी हाय, खाली चुनखडी."

"नाव काय सांगितलं होतं?"

"न्हाई आठवत," ते म्हणाले. त्यांनाच वाईट वाटलेलं ऐकू आलं. "लई होते हो."

मग आमचं ठरलं. गेलेली सात गावं पुन्हा गोळा करायची, काकांची नोकरी आहे तोवर. ते जवळची चार घेणार, मी तीन. माझ्या गावापासून सुरुवात केली. रविवारी गेले.

एक सांगायचं राहिलं. आबा गेल्यावर वर्षभरानं मी रजिस्ट्रीच्या ऑफिसात जाऊन शेतातल्या माझ्या वाट्याचं हक्कसोडपत्र लिहून दिलं होतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती, आमच्याकडं सगळ्याच बहिणी देतात. सही केली, भावानं उसाचा रस पाजला, एसटीत बसवून दिलं. भाऊ चांगला आहे माझा. राग नव्हताच. पण तेव्हापासून गावी गेले की मी खुर्चीत बसायचे. पूर्वी ओट्यावर बसायचे, पायरीवर बसायचे, कुठंही. आता कोणी खुर्ची पुढं सरकवायचं आणि मीही बसायचे.

आई अंगणात कुरडया घालत होती. साडीच्या पदरानं डोकं झाकलेलं, बाजेवर पांढरी चक्रं वाळत पडलेली. भाऊ जरा वेळ माझ्यासोबत वही घेऊन हिंडला, पंधरा-वीस घरं झाली. परत आलो तेव्हा मी सहज विचारलं, "आपल्या नदीकडच्या शेताला काय नाव रे?"

"खालचं," भाऊ म्हणाला. "खालचंच म्हणतो की आपण."

मी वहीत लिहिलं, 'खालचं'. का म्हणतात: खाली आहे. इतकं फिकं वाटलं मला ते. आबांनी इतक्या लांब माती नेऊन काकांना एवढंच सांगितलं असेल?

भाऊ बैलांकडं गेला. आई साच्यातून चीक दाबत होती. न बघता म्हणाली, "खालचं आपुन म्हनायचो. घरात. तुझे आबा भाईर कुठं ते न्हाई म्हनायचे."

"मग काय म्हणायचे?"

"पोरीचं."

मला नीट कळलं नाही. "कोणत्या पोरीचं?"

आई वैतागली. "आता घरात पोरी किती व्हत्या? तुझा तो डबा आणला नव्हता का, टीव्हीवानी, मांडीवर घिऊन आल्ते जीपमंदी? त्या साली त्या रानातला कापूस सगळा त्याच्यात घातला. तवापासून जो इचारील त्याला म्हनायचे, पोरीच्या शेतात चाललोय. लोकं हसायचे. घरात न्हाई म्हनायचे, म्हनायचे पोराला वाईट वाटंल."

तिनं पुढची कुरडई घातली. मी खुर्चीवरून उठले आणि तिच्याजवळ खाली पोतं पसरून बसले. मला रडू येत होतं आणि आईच्या ते लक्षात आलं होतं, पण चीक गार होत होता. "साचा धर इकडून," ती म्हणाली. मी धरला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत काकांना फोन लावला. घनसावंगीचा ठिपका हिरवा होता. शनिवारी डिस्क परत नेऊन मी तिथं नवी सिस्टिम बसवली होती, जुना फॉन्ट स्वतः त्यात घातला होता आणि त्या मशीनवर आता मला न विचारता काहीही चढत नाही. फाइलीला सामाईक फोल्डरात जागा केली होती. काका विचारत होते, हापिसाच्या जागेत ठिवलेलं चालंल का, तर मी म्हटलं, आता हेच हापिसाचं काम.

"लिहा काका," मी म्हटलं.

"थांबा, चष्मा घितो. हां. सांगा."

मी गाव सांगितलं. गट नंबर सांगितला. की दाबल्याचे आवाज येत होते, एका बोटाचे, सावकाश. वाळ्याचा वास येत होता. समोर एकेक ठिपका पिवळा होत होता.

"नाव?"

"पोरीचं."

टक, टक, टक. थांबले.

"का म्हनतात?"

अकरा वर्षं प्रत्येकाला विचारला तसाच विचारला त्यांनी. मी स्क्रीनकडं पाहिलं. जाफराबाद पिवळं झालं, बदनापूर झालं. काका वाट बघत होते. त्यांना कुठलीही घाई नव्हती.

"ती पोर मी आहे काका," मी म्हटलं. "तेवढं लिहा."

पलीकडं बोट चालायला लागलं, नेहमीपेक्षाही सावकाश, आणि मी एकेक अक्षर ऐकत बसले.

"लिवलं," काका म्हणाले. "पुढचं सांगा."